फसफस, फेस आणि गढूळपणा

आंबवणं संपलं, बिअर बाटल्यांत भरली, पत्र्याची झाकणं दाबून बसवली. इथून पुढे बिअर करणाऱ्याच्या हाती फारसं काही उरत नाही, आणि बहुतेक तक्रारी नेमक्या इथूनच सुरू होतात. दोन आठवड्यांनी उत्सुकतेनं बाटली उघडावी, तर साधा फुस्स आवाजही होत नाही. किंवा झाकण सैल होताच बिअर उसळून बाहेर येते आणि निम्मी ओट्यावर सांडते. किंवा वायू ठीक, चवही छान, पण ग्लासामागे धरलेलं बोट दिसू नये इतकी ती गढूळ.

वरवर पाहता ही तीन वेगळी दुखणी. खोलात गेलं की मुळाशी तीच मोजकी कारणं सापडतात: बाटलीत किती साखर गेली, यीस्टमध्ये किती जीव उरला होता, तापमान किती होतं, वेळ किती दिला आणि भांडी किती स्वच्छ होती. म्हणून दोषांची जंत्री देण्यापेक्षा दोष ओळखायचा कसा, यावर मी भर देणार आहे. निदान न करता केलेला उपाय बहुधा मूळ दोषापेक्षा जास्त नुकसान करतो. वायू कमी वाटला म्हणून बाटल्यांत घाईनं टाकलेली साखर, हे त्याचं ठळक उदाहरण.

कायद्याची गोष्ट आधी सांगायला हवी. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, त्यामुळे इथे घरी बसून हा उद्योग करायचा नाही. इंग्लंडमध्ये १९६३ साली अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना रद्द केला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्यानं घरगुती बिअर केंद्रीय करातून मोकळी झाली, तरी मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी परवानगी द्यायला २०१३ साल उजाडलं. या दोन्ही देशांत राहणारे मराठी हौशी या छंदात आहेत, आणि हे प्रकरण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. आकडे अमेरिकेतल्या रूढ मापाचे घेतले आहेत: पाच गॅलन, म्हणजे साधारण १९ लिटर पेल एल.

वायू द्रवात कसा मुरतो, हे कळायला इंग्लंडमधल्या लीड्सपासून सुरुवात करू. जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक १७६७ मध्ये तिथे राहायला आला, तेव्हा त्याच्या घराशेजारी बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या पिंपांवर एक जड वायू साचून राहतो आणि त्यात धरलेली ज्योत विझते, हे त्यानं पाहिलं. त्या थरात धरून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतलं, तर पाण्याला चुरचुरीत चव येते, हेही त्याच्या लक्षात आलं. पाण्यात हा वायू मुरवण्याची कृती त्यानं १७७२ मध्ये छापली आणि सोडावॉटरचा पाया घातला गेला. पुढे १८०३ मध्ये मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीनं नियम मांडला: वायूचा दाब जितका जास्त, तितका तो द्रवात जास्त विरघळतो. याला एक जोड द्यायची, द्रव जितका थंड तितका वायू त्यात जास्त मावतो. बाटलीतल्या फसफशीची जवळजवळ सगळी कोडी या दोन वाक्यांनी सुटतात.

बिअरवाले हा वायू ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात. एका लिटर बिअरमध्ये दोन लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल, तर ते दोन व्हॉल्यूम. पिंपातून काढलेल्या इंग्लिश एलला दीडच्या आसपास पुरतात, अमेरिकन पेल एलला सव्वादोन ते अडीच लागतात आणि बव्हेरियातली गव्हाची बिअर साडेतीनच्याही वर जाते. म्हणजे लंडनच्या पबमध्ये रुळलेल्या माणसाला जी फसफस योग्य वाटते, ती शिकागोतल्या पाहुण्याला मिळमिळीत वाटू शकते. आपल्याला कुठल्या जातीची बिअर करायची होती, हे ठरवल्याशिवाय तिला सदोष म्हणता येत नाही.

आता हिशेब मांडू. २० अंश सेल्सिअसला आंबलेल्या बिअरमध्ये सुमारे ०.८५ व्हॉल्यूम वायू आधीच मुरलेला असतो. आपल्याला २.४ हवेत, म्हणजे दीड-पावणेदोनची भर घालायची. लिटरमागे चार ग्रॅम साधी साखर साधारण एक व्हॉल्यूम देते. त्यामुळे १९ लिटरला जवळपास ११५ ग्रॅम साखर लागते. ती थोड्या पाण्यात उकळून, भरायच्या भांड्याच्या तळाशी ओतून, तिच्यावर नळीनं हलकेच बिअर सोडायची. डेक्स्ट्रोज वापरलं तर दहा-बारा टक्के जास्त घ्यायचं. मोजायला चमचा वापरू नये. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा या छंदातलं सगळ्यात उपयोगी यंत्र आहे.

या हिशेबात फसवणारी एक जागा आहे. बिअर निवळावी म्हणून अनेकजण भरण्याआधी ती दोन-तीन दिवस शून्याच्या जवळ ठेवतात. मग साखर मोजायच्या तक्त्यात तापमान म्हणून २ अंश भरतात. थंड बिअरमध्ये वायू जास्त असणार, असं तक्ता गृहीत धरतो आणि निम्मीच साखर सांगतो. पण आंबवणं संपल्यावर बिअर २० अंशांवर होती. तेव्हा जादा वायू उडून गेला, आणि नंतर नुसती गार केल्यानं तो परत येत नाही. आंबवणं थांबल्यानंतर बिअर ज्या सर्वांत गरम तापमानाला पोचली, तोच आकडा तक्त्यात भरायचा. सगळ्या बाटल्या सारख्याच मिळमिळीत निघाल्या, तर मी पहिला संशय यावरच घेतो.

मिळमिळीत बिअर हाती आली की पहिला प्रश्न: किती दिवस झाले आणि बाटल्या कुठे होत्या? यीस्टला बाटलीतली साखर संपवायला २० ते २२ अंशांवर साधारण दोन आठवडे लागतात. कडाक्याच्या हिवाळ्यात तळघरात १३-१४ अंशांवर ठेवलेल्या बाटल्यांना महिना-दीड महिनाही लागू शकतो. अशा वेळी बाटल्या ऊबदार खोलीत आणायच्या, हलक्या हातानं उलट्या-सुलट्या करून तळाचा साका वर आणायचा आणि आणखी दोन आठवडे विसरून जायचं. जड बिअर, म्हणजे ९-१० टक्के अल्कोहोलची किंवा कित्येक महिने मुरवलेली, असेल तर यीस्ट दमलेलं असतं. तिथे भरतानाच थोडं ताजं यीस्ट घालणं शहाणपणाचं.

वेळ देऊनही फरक पडला नाही, तर जीभ कामाला लावायची. बिअर गोडसर लागते का? लागत असेल तर साखर तशीच पडून आहे आणि दोष यीस्टचा आहे. अशा बाटल्यांत कोरड्या यीस्टचे दोन-चार दाणे टाकून नवी झाकणं बसवली, तर काम होतं. गोड लागत नसेल, तर साखर संपली आहे. म्हणजे एक तर ती कमी पडली, किंवा तयार झालेला वायू झाकणातून निसटला. झाकण हातानं पिळून बघा. फिरलं, तर ते नीट बसलेलं नाही. शंका राहिली, तर बाटली कोमट पाण्यात आडवी बुडवून झाकणाकडे बुडबुडे येतात का पाहा. युरोपातल्या शॅम्पेनच्या बाटल्यांना २९ मिलिमीटरचं झाकण लागतं, नेहमीच्या बिअरच्या बाटलीला २६चं. ही गल्लत झाली की दिसायला सगळं चोख, पण बाटली गळकी. साखर खरोखरच कमी पडली असेल, तरच ती वाढवायची. तीही दाणेदार साखर सरळ बाटलीत टाकून नव्हे: दाण्यांच्या खडबडीत अंगावर वायूचे बुडबुडे धरतात आणि बिअरला तिथल्या तिथे ऊत येतो. मोजलेला पाक ड्रॉपरनं घालावा.

काही बाटल्या छान आणि काही मिळमिळीत, असा प्रकार असेल तर साखर नीट मिसळली गेली नाही. उकळलेला पाक जड असतो, तळाशी बसतो. निर्जंतुक केलेल्या चमच्यानं, हवा आत न मारता, सावकाश ढवळलं की हा प्रश्न संपतो.

आता उलट टोक, आणि इथे मी वाचकाला हात जोडून सावध करतो. मिळमिळीत बिअरनं फक्त मन खट्टू होतं. अति वायू भरलेली काचेची बाटली फुटते, आणि उडालेल्या काचेनं डोळा जाऊ शकतो. बहुतेक वेळा कारण एकच, घाई. बिअरची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर १.०१६ दिसलं, फसफस थांबली होती, म्हणून बिअर भरली. पण ती खरं तर १.०१२पर्यंत उतरणार होती. या आकड्यातला एक अंश (०.००१) खाली आला की साधारण अर्धा व्हॉल्यूम वायू तयार होतो, म्हणजे या चार अंशांनी दोन व्हॉल्यूम जास्तीचे झाले, घातलेल्या साखरेच्या वर. खोलीच्या तापमानाला बाटलीतला दाब दुपटीहून जास्त होतो, आणि उन्हाळ्यात आणखी चढतो. एअरलॉकमधले बुडबुडे थांबणं हा पुरावा नाही. ओळीनं तीन दिवस हायड्रोमीटर तोच आकडा दाखवतो, हाच पुरावा. रिफ्रॅक्टोमीटर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की अल्कोहोल तयार झाल्यावर त्यावरचा आकडा दुरुस्त केल्याशिवाय वापरता येत नाही.

आकडा स्थिर असूनही बाटल्या महिन्यागणिक जास्त उसळू लागल्या, तर आत कुणीतरी उरलेली साखर खातंय. साधं यीस्ट ज्या लांब साखळीच्या शर्करांना, म्हणजे डेक्स्ट्रिनना, हात लावत नाही, त्या फोडून खाणारं एक यीस्ट आहे, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी डायस्टॅटिकस. काही बेल्जियन प्रकारांत ते मुद्दाम वापरतात. पण त्याचे अवशेष नळीत किंवा प्लॅस्टिकच्या चरे पडलेल्या डब्यात राहिले, तर पुढच्या साध्या एलमध्ये ते सावकाश काम करत राहतं. रानटी यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू असाच उद्योग करतात. त्यांची खूण म्हणजे बाटलीच्या मानेत बिअरच्या पातळीवर उमटलेलं पांढुरकं कडं, आणि आंबट किंवा औषधी वास. एकच बाटली अशी निघाली, तर ती बाटली अस्वच्छ होती. सगळ्या निघाल्या, तर नळ्या आणि नळाची तोटी बदलायची, धुऊन भागत नाही. तोटी खोलून आतला भाग घासण्याचा कंटाळा हे संसर्गाचं मोठं कारण असतं.

हॉप्सही यात हात मारतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं. आंबवणं संपल्यावर वासासाठी कच्चे हॉप्स घातले, तर त्यांच्यातली विकरं डेक्स्ट्रिन फोडतात आणि यीस्टला नवं खाद्य मिळतं. इंग्लंडमध्ये होरेस ब्राउन आणि हॅरिस मॉरिस यांनी १८९३ मध्येच हे नोंदवलं होतं. पुढे ते विस्मरणात गेलं आणि भरपूर हॉप्सच्या अमेरिकन बिअरमुळे पुन्हा चर्चेत आलं. म्हणून हॉप्स घातल्यानंतरही आकडा पुन्हा तपासावा. हॉप्सचे बारीक कण बाटलीत गेले, तर साखर बरोबर असूनही बिअर उसळते, कारण प्रत्येक कण बुडबुड्यांना बसायची जागा देतो. बार्ली पावसात भिजून तिच्यावर फ्युझेरियम बुरशी वाढली असेल, तर तिची प्रथिनंही अशीच उसळी आणतात. त्यावर माल्ट बदलणं एवढाच इलाज.

फुगलेल्या बाटल्यांचं काय करायचं? जाड हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. शक्य असेल तर बाटल्या जाड कापडाखाली झाकून शून्याजवळ गार करायच्या, म्हणजे वायू द्रवात शिरतो आणि दाब उतरतो. मग ओपनरनं झाकणाची कड किंचित उचलायची, वायू निघू द्यायचा आणि नवं झाकण बसवायचं. दोन-तीन दिवसांनी लागलं तर पुन्हा. एखादी बाटली आधीच फुटली असेल, तर बाकीच्यांना खोलीच्या तापमानाला हातही लावू नये. अंदाज चुकू नये म्हणून मी एक उपाय मनापासून सुचवतो: प्रत्येक खेपेला थोडी बिअर सोड्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत भरा. बोटांनी दाबून बघितलं की आत काय चाललंय ते न उघडता कळतं. ती दगडासारखी टणक झाली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये.

कधी कधी दोष बाटलीत नसतोच. खोलीतली बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवून उघडली, तर बाटलीच्या मानेतला वायू बिअरमध्ये मुरलेलाच नसतो. मग फेस भसाभस येतो आणि खालची बिअर जिभेला सपक लागते. उघडण्याआधी एक-दोन दिवस थंड ठेवली की तीच बाटली सुधारते. बाटलीऐवजी केगमध्ये, म्हणजे धातूच्या दाबबंद पिंपात, बिअर ठेवणाऱ्यांचंही तसंच. ३-४ अंशांवर १० ते १२ पीएसआय दाब ठेवला की आठवड्या-दोन आठवड्यांत अडीच व्हॉल्यूमच्या जवळ पोचता येतं. तरीही नळातून नुसता फेसच येत असेल, तर बहुधा नळी आखूड आहे किंवा तोटी गरम.

फेस टिकणं हा मात्र वायूपेक्षा वेगळा विषय आहे. वायू बुडबुडे तयार करतो, त्यांना धरून ठेवतात माल्टमधली प्रथिनं आणि हॉप्समधले कडू घटक. म्युनिकच्या आर्न्ड लाइके यांनी तीन बिअरचा फेस मोजून दाखवलं की तो घातांकी नियमानं खाली बसतो, आणि त्याबद्दल त्यांना २००२ सालचं इग नोबेल मिळालं. फेस लवकर मरत असेल, तर रेसिपीकडे वळण्याआधी ग्लास तपासावा. साबणाचा उरलेला थर आणि तेलाचा ओशटपणा फेसाचे वैरी आहेत. तळलेले शेंगदाणे किंवा फरसाण खाऊन ग्लासाला ओठ लावले की उत्तम बिअरचाही फेस कडेपासून विरतो. ग्लास नीट धुऊन, कापडानं न पुसता, उपडा वाळवावा. ग्लास निर्दोष असेल, तर पुढच्या खेपेला थोडं गव्हाचं माल्ट घालून बघा.

राहता राहिला गढूळपणा. लाकडी किंवा मातीच्या मगमधून पिणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्झेनला योजेफ ग्रोल यानं सोनेरी लागर बनवली, पुढे काचेचे ग्लास सर्वत्र पोचले, आणि बिअर निवळशंख असावी ही अपेक्षा रुजली. अपेक्षा सुंदर आहे, पण ती सगळ्या बिअरना लागू नाही. गव्हाची बिअर गढूळच हवी.

निदानाची रीत सोपी आहे. फ्रिजमधली बिअर ग्लासात ओतून तशीच ठेवा. खोलीच्या तापमानाला येता येता ती स्वच्छ झाली, तर ते थंडीचं धुकं: माल्टमधली प्रथिनं आणि टॅनिनसारखे घटक गारठ्यात एकमेकांना चिकटतात आणि ऊब मिळाली की सुटतात. चवीला त्यानं काही होत नाही. कमी करायचं असेल, तर उकळी जोरात हवी, उकळलेला वर्ट, म्हणजे माल्टचा न आंबलेला गोड काढा, लवकर थंड करायला हवा, आणि उकळीच्या शेवटच्या १५ मिनिटांत चमचाभर आयरिश मॉस घालावं. हे अटलांटिकच्या किनाऱ्यावरचं समुद्री शेवाळ आहे. गरम होऊनही बिअर गढूळच राहिली, तर यीस्ट किंवा स्टार्च. यीस्ट असेल, तर दोन-तीन आठवडे फ्रिजमध्ये उभी ठेवलेली बाटली आपोआप निवळते. स्टार्चसाठी बशीत काढलेल्या नमुन्यात आयोडिनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला, तर धान्यातल्या स्टार्चची साखर झालीच नाही. तो नमुना फेकून द्यायचा. माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या बिअरमध्ये नुसते ओट्स भिजवून घातले की हमखास असं होतं, कारण ओट्समध्ये स्टार्च फोडणारी विकरं नसतात. ती बार्लीच्या माल्टसोबत ६५-६८ अंशांवर तासभर ठेवून मिळवावी लागतात.

बिअर निवळवण्यासाठी जिलेटिन किंवा इझिंग्लासही वापरतात. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी जे करते, तेच काम हे बिअरमध्ये करतात: तरंगणारे कण एकत्र ओढून तळाशी बसवतात. आधी गार केलेल्या बिअरमध्ये घातले, तर थंडीचं धुकंही खाली येतं. मात्र जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं आणि इझिंग्लास माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ मासा सापडला की या पिशवीलाच मोठी किंमत येते. घरी शाकाहारी पाहुणे येणार असतील, तर हे त्यांना आधी सांगायलाच हवं. त्यांच्यासाठी आयरिश मॉस, थंडी आणि धीर पुरेसा आहे.

रंगाचा एक दोष मात्र निस्तरता येत नाही. व्हरमाँटकडच्या धाटणीची, हॉप्सनी भरलेली गढूळ आयपीए आठवड्या-दोन आठवड्यांत पिवळ्याची राखाडी-तपकिरी झाली, तर बाटलीत ऑक्सिजन शिरला आहे, आणि वासही त्याच्याबरोबर गेला आहे. पुढच्या खेपेला नळी तळापर्यंत सोडून भरा, बाटलीच्या मानेत कमीत कमी जागा ठेवा आणि फेस तोंडापर्यंत चढलेला असतानाच झाकण बसवा. शक्य असेल, तर ही बिअर बाटलीऐवजी आधी कार्बन डायऑक्साइडनं भरून घेतलेल्या केगमध्येच न्या.